बारा मापं

साडेचारची एसटी आली की आम्ही उठतो.
पानठेल्यावरचा डोमाजी उठतो,
रिटायर्ड पोस्टमन वाढई उठतात,
रजिस्टर्डचा लिफाफा त्यांना लांबूनच ओळखू येतो म्हणे.
कंडक्टर डाकेची थैली खाली टाकतो,
मग कोंबड्यांची टोपली, कृषी केंद्राची खोकी.
"नाई आला," वाढई म्हणतात.
आम्ही बसतो.

चढाईला तीस सेकंद असतात.
चौकशीला दिवाळी गेली, संक्रांत गेली,
तुरी निघाल्या, आता मोहफुलं पडायला लागली.

समितीचे तिघं आले होते पांढऱ्या गाडीतून.
कॉलेजचं मैदान पाहिलं, मॅटचं कपाट उघडायला लावलं.
कपाटात मॅट नव्हती. सुतळी होती आणि एक मेलेली पाल.
त्यांनी लिहून घेतलं.
पाल लिहिली की नाही,
यावरून आमचं दोन दिवस भांडण.

काय काय खाल्लं ते गावाला तोंडपाठ आहे.
प्रवासभत्ता, बूट, पोरांची केळी आणि अंडी.
आणि तो सात नंबरचा चढाईपटू,
बी. ए. भाग दोनच्या हजेरीत अनिकेत ठमके,
पण नावाने हाक मारली तर वळून न बघणारा.
फायनलला त्यानेच अकरा गुण आणले.
आम्ही खांद्यावर घेतलं होतं त्याला.
वजन खरं होतं, नाव कोणाचं का असेना.

डोमाजी म्हणतो, "डायरेक्टरच चोर हाय, सांगतो तुमाले."
वाढई म्हणतात, "प्राचार्याच्या सहीशिवाय पान हालत नाई."
मग दोघंही माझ्याकडे बघतात.
"तू काहून गप्प बे, तुळशीराम?"
मी दातात दोरा धरतो.
दोरा दातात असला की माणसाला बोलता येत नाही,
हा आमच्या धंद्याचा फायदा.

रात्री शटर ओढून वही काढतो.
मडावी, छाती चौतीस.
उईके, बत्तीस, डावा खांदा उतरता.
शेख नावेद, छत्तीस, बाही सैल पाहिजे.
बारा पोरं, बारा जर्सी, निळ्यावर पिवळे आकडे,
आकडे सुलोचनाने कापले, दोन वाजेपर्यंत जागून.
बिलात चाळीस आहेत.

कोऱ्या कागदावरची सही माझी.
"तू फक्त सही मार," टेंभरे सर म्हणाले होते,
"बाकीचं मी भरतो."
मी मारली.
पैसे बाराचेच मिळाले, तेही दोन हप्त्यांत.
पण फायनलच्या टेम्पोत ड्रायव्हरशेजारची जागा मिळाली,
आणि परत आलो तेव्हा वेशीवर
पहिला गुलाल मला लागला.
अठ्ठावीस जर्सींचं एवढंच.

समितीने मला विचारलं नाही.
विचारलं असतं तर वही दाखवली असती का?
रोज रात्री वेगळं उत्तर येतं.
कधी कधी वाटतं, लिफाफा हरवावा.
दुसऱ्या दिवशी साडेचारला
सगळ्यांच्या आधी मीच उठलेला असतो.

यंदा संघ नाही.
उईके जिनिंगमध्ये गठाणी लावतो.
काल संध्याकाळी आला, पापण्यांवर कापूस,
पिशवीतून जर्सी काढली, काखेत उसवलेली.
"काका, कवा येईन तो अहवाल?"
"येईन."
"आमचं नाव राहीन का त्यात?"
मी म्हटलं, हात वर कर.

टेप धरला. छाती पस्तीस.
बत्तीसच्या खाली पस्तीस लिहिलं, तारीख घातली.
काखेत जोड द्यावा लागला.
तसलं निळं कापड संपलं होतं, राखाडी लावलं.
हात खाली असला तर दिसत नाही.
चढाईला गेला की दिसेल.